जुना स्टिरिओ चालू कसा करावा : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

साहित्य : जुना स्टिरिओ एक, मोकळं टेबल एक, आणि घरातली बाकीची मंडळी निदान तीन दिवस बाहेरगावी जातील असं जवळच्या नात्यातलं लग्न एक. पहिली वस्तू माळ्यावर असते. दुसरी घरात आहे, पण सध्या तिच्यावर इस्त्रीचे कपडे आहेत. तिसरीला मुहूर्त लागतो, म्हणून हे काम चातुर्मासात काढू नये.

स्टिरिओ या नावाखाली आपल्याकडे बऱ्याच वस्तू वावरल्या. एकच स्पीकर असलेल्या टेपरेकॉर्डरलाही काही घरांत आदराने स्टिरिओ म्हणत. इथे मात्र साधारण १९७५ ते १९८५ या काळात घरी आलेला संच धरला आहे : रेकॉर्ड प्लेयर, अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि पुढे कधीतरी बोनसच्या पैशांतून घेतलेला कॅसेट डेक. हा संच दोन वाटांनी येई. एक देशी वाट : कोलकात्याचा सोनोडाइन, शिवाय कॉस्मिक, फिलिप्स, एचएमव्ही. दुसरी परदेशी : कोकणातून आखातात गेलेल्या मामाने किंवा अमेरिकेतल्या आतेभावाने आणलेला सान्सुई, अकाई नाहीतर पायोनियर. परदेशी संच आला त्या दिवशी अख्खी चाळ बघायला आली होती, आणि त्याचं खोकं थर्माकोलसकट अजून घरात आहे. गणपतीच्या मखरासाठी त्यातला थोडा थर्माकोल कापला गेला असेल, तेवढं चालायचंच.

घरात संच नसेल तर तो विकत घ्यावा लागतो. मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. विकणारा ‘चालू कंडिशन’ म्हणाला, याचा अर्थ दिवा लागतो. ‘एकदम ओरिजिनल’ म्हणाला, याचा अर्थ त्याने तो उघडलेला नाही. ही मात्र खरोखरच जमेची बाजू आहे. कंपनीचं नाव वाचून तुमच्या चेहऱ्यावर काही उमटलं की किंमत जागच्या जागी दुप्पट होते, म्हणून आधी शेजारचा मिक्सर उचलून त्याची चौकशी करावी.

पायरी पहिली : चालू करू नका

ही पायरी सर्वांत सोपी असून आजवर कोणी पाळल्याचं ऐकिवात नाही. संच माळ्यावरून उतरतो, ओलं फडकं फिरतं, आणि उडालेली धूळ खाली बसायच्या आत कोणीतरी म्हणतं, “बघू तरी, चालतोय का.” हे वाक्य बहुधा मेहुण्यांचं असतं. मेहुण्यांना अशा वेळी चहा द्यावा, पोहे द्यावेत, जमल्यास कोथिंबीर आणायला पाठवावं. पण प्लगजवळ फिरकू देऊ नये.

कारण असं की अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात जे उभे डबे दिसतात ते फिल्टर कंडेन्सर. त्यांच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची वळकटी, मध्ये रसायनात भिजलेला कागद, आणि पत्र्यावर ऑक्साइडचा नखाएवढाही जाड नसलेला थर असतो. सगळी भिस्त त्या थरावर. संच पंचवीस वर्षं पडून राहिला की कागद वाळतो आणि थर विरतो. अशा कंडेन्सरला एकदम पुरा दाब दिला की तो गरम होतो, फुगतो, फुटतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मरलाही बरोबर नेतो. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून मिळतो, पण ती वेगळी मार्गदर्शिका आहे आणि ती लिहिण्याइतका संयम प्रस्तुत लेखकाकडे नाही.

यावर दुरुस्तीच्या दुकानांतला जुना उपाय म्हणजे सिरीज बल्ब. संचाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत शंभर वॉटचा जुना, तारेचा, पिवळा बल्ब घालायचा. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर आत बऱ्यापैकी क्षेमकुशल आहे. पेटला तो पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पण येणारा जादा करंट बल्बने अडवल्यामुळे तुमचा संच, फ्यूज आणि घरातली शांतता तिन्ही वाचली. उपाय दहा मिनिटांचा आहे. बल्ब मिळवायला मात्र अर्धा दिवस जातो.

“शंभरचा बल्ब आहे का? पिवळा?”

“वॉर्म व्हाइट देऊ का, साहेब?”

“एलईडी नको. आत तार असलेला हवा.”

“अहो, बिल किती येईल त्याचं!”

बिलासाठी नाही, स्टिरिओसाठी हवाय, असं सांगू नये. दुकानदाराच्या मेहुण्याकडेही एक स्टिरिओ असतो आणि मग दुपार होते.

परदेशी संच असेल तर मागच्या बाजूला व्होल्टेजची एक छोटी खिटी शोधा. ११०, १२०, २२०, २४० असे आकडे असतील तर ती कुठे आहे ते पाहा. आकडेच नसतील आणि पाटीवर फक्त १०० लिहिलं असेल तर तो संच जपानने जपानसाठी बनवला होता; त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याच्या रेडिओवर आपली बहुतेक एफएम केंद्रंही लागणार नाहीत, कारण जपानची एफएमची पट्टी ७६ मेगाहर्ट्झला सुरू होऊन जुन्या संचांत ९० ला संपते आणि आपली ८८ ला सुरू होते. मधल्या दोन मेगाहर्ट्झमध्ये जे ऐकू येईल ते ऐकावं.

पायरी दुसरी : उघडा, आणि आधी कोण येऊन गेलं ते पाहा

झाकण काढण्यापूर्वी क्रोशाचा रुमाल काढा. हा रुमाल अ‍ॅम्प्लिफायरच्या वरच्या जाळीवर पसरलेला असतो. जाळी हवा खेळण्यासाठी केली होती. रुमाल आईने किंवा काकूने विणला होता. या दोन बाजूंच्या भांडणात घरोघरी रुमालाचाच विजय झाला आणि आतले ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षं उकडत राहिले. रुमालावर फुलदाणी होती का, हे विचारून घ्या. फुलदाणीत खरी फुलं होती असं उत्तर आलं तर आतल्या सर्किटच्या पाटीवर हिरवट डाग सापडतील.

झाकण उघडलं की घाईने हात घालू नका. मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोणती वायर कुठून निघते हे लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही. मग पाहणी करा. पालीची अंडी, झुरळाचे पाय, एखादा हरवलेला केसांचा आकडा, ‘१९८३’ छापलेला दिनदर्शिकेचा तुकडा. याला घाबरू नये. हे फक्त राहायला आले होते.

घाबरायचं ते दुरुस्त करायला आलेल्यांना. माझं स्पष्ट मत आहे की जुना संच वयाने जितका बिघडत नाही तितका दुरुस्तीने बिघडतो. तुम्ही स्टिरिओ दुरुस्त करत नसता. गेल्या चाळीस वर्षांत त्याच्यावर झालेल्या दुरुस्त्या दुरुस्त करत असता. प्रत्येकाची खूण ओळखायला शिका. फ्यूजची काच तपासा : तिच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असेल तर ते घरातल्या वडीलधाऱ्यांचं काम. रविवारी दुपारी फ्यूज उडाला, दुकानं बंद, संध्याकाळी पाहुणे येणार, तेव्हा हे केलं गेलं आणि मग ‘चालतंय ना’ म्हणून तसंच राहिलं. फ्यूजचं काम वेळेवर जळणं एवढंच आहे. चांदीने तेही हिरावून घेतलं, म्हणून पुढच्या वेळी दुसरं काहीतरी जळलं. व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये शिलाई मशीनचं तेल सापडलं तर ते थोरल्या भावाचं. तुटलेला नॉब एम-सीलने बसवून वर काळा मार्कर फिरवला असेल तर ते तुमचंच लहानपण असण्याचा संभव आहे. अशा वेळी पुढे जावं.

आणि मग व्यावसायिक खूण. पॉवर ट्रान्झिस्टर चार असतील आणि त्यातले तीन एका कंपनीचे, एक वेगळ्याच चेहऱ्याचा असेल तर इथे कोणीतरी पैसे घेऊन काम केलं आहे. त्या काळातल्या कितीतरी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये टूएन ३०५५ हा धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर बसवलेला असे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला जुना मिळाला तर जपून ठेवावा, कारण बाजारात आता याच नावाने टोपी तीच आणि आतला सिलिकॉनचा तुकडा मात्र अगदी बारीक असे नग मिळतात. ते पहिलं गाणं निभावतात. आवाज वाढवला की शांत होतात. ट्रान्झिस्टर काढला की त्याच्या बुडाखाली अभ्रकाची पातळ चकती आणि पांढरी पेस्ट असली पाहिजे. चकती विजेला अडवते, पेस्ट उष्णता पुढे जाऊ देते. आधीच्या मिस्त्रीने चकती ‘कचरा’ म्हणून टाकली असेल तर ट्रान्झिस्टरची टोपी थेट हीटसिंकला चिकटली आहे, आणि प्रत्येक नवा ट्रान्झिस्टर का उडत होता याचं कोडं तुम्ही सोडवलंत.

पायरी दुसरीची पुरवणी : मिस्त्रींकडे जाणे

इथपर्यंत वाचून हे आपल्याच्याने व्हायचं नाही असं ज्यांना वाटलं, ते शहाणे. त्यांनी लॅमिंग्टन रोड गाठावा. त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन कंडेन्सर विकत घेणाऱ्यांच्या तोंडून अजून गेलेले नाहीत. पुणेकरांनी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चौकशी करावी. जुने संच हातात धरणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत आणि ते ओळखण्याची खूण म्हणजे दुकानात बसायला जागा नसते.

“काका, हा जरा बघता का? एका बाजूने आवाज येत नाही.”

“आधी कोणी उघडला होता?”

“नाही हो. कोणीच नाही.”

“मग वरचे दोन स्क्रू कोणी गिळले?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. मान खाली घालून उभं राहायचं. काका बोटाने एक वायर हलवतात, स्पीकरमधून ‘खर्र’ असा आवाज येतो, ते ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’मध्ये बिघाडाचं निदान, मागच्या मिस्त्रीविषयीचं मत आणि तुमच्या बिलाचा अंदाज एवढं सगळं असतं. “ठेवून जा” म्हणाले तर काम होणार. “फोन करीन” म्हणाले तर फोन तुम्हालाच करायचा आहे. “पार्ट मिळत नाही” म्हणाले तर पंधरा दिवसांनी परत जा, मिळालेला असतो. त्यांना गाण्याबद्दल बोलतं केलंत तर काम लवकर होतं असा समज आहे. तो खोटा आहे, पण दुपार छान जाते.

स्वतःच करणाऱ्यांसाठी : सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकेक करून बदला. एकदम सगळे काढून टेबलावर रांग मांडू नका. नव्याची क्षमता जुन्याइतकी, व्होल्ट तितके किंवा जास्त, आणि उण्याची पट्टी उण्याकडे. हे तिसरं वाक्य परत वाचा. जुने काढण्यापूर्वी त्यांच्यात साठलेला भार रेझिस्टर लावून उतरवा. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून उतरवण्याची रीत जुनी असली तरी त्यात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक, कंडेन्सर आणि धाडस यांपैकी निदान एक गोष्ट कायमची जाते. पाटीच्या मागच्या बाजूला भिंगाने पाहा. एखाद्या भागाच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसली तर तो ड्राय सोल्डर. अ‍ॅम्प्लिफायरला चापट मारली की आवाज येतो, हा घरगुती उपचार ज्या घरात चालत असे तिथे हमखास अशी भेग असते. त्या जागी नवा सोल्डर द्या. चापटीची सवय जायला वेळ लागेल.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवावा. खोबरेल तेल नको. बिजागरीला मारायचा फवाराही नको.

पायरी तिसरी : रेकॉर्ड प्लेयर

ही पायरी लांबेल, कारण सगळी मजा इथेच आहे.

तबकडी उचला. गॅरार्डसारखा जुना डेक असेल तर मोटरची छोटी दांडी, तबकडीची आतली कड आणि त्या दोघींच्या मध्ये चेपलेलं एक रबरी चाक दिसेल. यालाच आयडलर म्हणतात. मोटर चाकाला फिरवते, चाक तबकडीला. संच बंद करताना बटण नीट मागे घेतलं नसेल तर हे चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलेलं राहतं, तिथे खळगा पडतो, आणि मग प्रत्येक गाण्यात एक जादा तबलजी येऊन बसतो : धड, धड, धड. त्याला सम सापडत नाही यावरून तो ओळखावा. खळगा उथळ असेल तर बारीक पॉलिश पेपर आणि स्पिरिट यांनी भागतं. खोल असेल तर नवं चाक.

जुनं ग्रीस आता ग्रीस राहिलेलं नाही. ते स्पिरिटने पूर्ण काढून नवं अगदी थोडं लावा. आपोआप उठणारा, आपोआप परतणारा टोनआर्म मध्येच हवेत थांबत असेल तर कारण ग्रीसच असतं. त्याला हाताने ढकलून ‘मदत’ करू नका. अशा मदतीनेच आतले नायलॉनचे दाते तुटतात.

आता टोनआर्मच्या पुढच्या टोकाला पाहा. तिथे पाच पैशांचं अ‍ॅल्युमिनियमचं नाणं चिकटपट्टीने लावलेलं असेल. असतंच. सुई उड्या मारते म्हणून कोणीतरी ते ठेवलं, आणि सुई उड्या मारायची थांबली. का मारत होती, हे कोणी पाहिलं नाही. मॅग्नेटिक कार्ट्रिजला साधारण दीड ते तीन ग्रॅम भार पुरतो, जुन्या सिरॅमिकला त्याहून जास्त लागतो. नाण्याने त्यात दीड-एक ग्रॅमची भर घालून रेकॉर्डच्या खाचा पुढची कितीतरी वर्षं नांगरल्या. नाणं काढा, मागचं वजन मोजून लावा, आणि सुई बदला. झिजलेली सुई नाण्यापेक्षा वाईट. सुई नवी घेताना घरात लाखेच्या ७८च्या तबकड्या आहेत का ते बघा : त्यांची खाच रुंद, त्यांना साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीला १८ मायक्रॉनच्या आसपास. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी लोळत जाते आणि बालगंधर्वांपेक्षा तळातला कचराच जास्त ऐकू येतो.

याच तबकड्यांबद्दल एक गंभीर सूचना. एलपी पुसायला लोक स्पिरिट वापरतात, आणि हात चालतोय म्हणून त्याच कापडाने ७८ पुसायला घेतात. ७८ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार फ्रेंच पॉलिश बनवतो ते याच तत्त्वावर. एका पुसण्यात गाणं कापडावर येतं. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मधला कागद कोरडा ठेवायचा, लगेच टिपायचं.

अमेरिकेहून आलेल्या रेकॉर्ड प्लेयरची गंमत स्वतंत्र सांगावी लागेल. आतेभावाने १२० व्होल्टचा संच आणला, घरच्यांनी हुशारीने स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला, सगळं नीट चालू झालं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडची वीज सेकंदाला ६० फेऱ्यांची, आपली ५०ची. थेट विजेच्या तालावर चालणारी मोटर इथे सहा भागांतले पाचच भाग वेगाने फिरते, म्हणून मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या घेणारी तबकडी जेमतेम २८ घेते. गाणं लांबतं हे चालून गेलं असतं. पण सूरही उतरतो, तीन अर्धस्वरांहून थोडा जास्त. काळी चारमध्ये गायलेली बाई पांढरी चारच्याही किंचित खाली गाऊ लागते. काही घरांत हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. तिथे भीमसेन जोशींचा खर्ज ऐकून पाहुणे हात जोडत असत. उपाय : मोटरच्या दांडीवरची पुली ५० हर्ट्झची बसवणे. क्वार्ट्झवर चालणाऱ्या नंतरच्या डेकना हा त्रास नाही.

वेग बरोबर आहे का, हे स्ट्रोबच्या कागदी चकतीवर कळतं. ५० हर्ट्झच्या विजेसाठी तिच्या कडेला १८० रेघा असतात. वेग नेमका असेल तर फिरतानाही रेघा उभ्या दिसतात. फक्त दिवा जुना, चोकवाल्या ट्यूबचा हवा. चांगल्या एलईडीत रेघा काहीच सांगत नाहीत. तुम्ही सिरीज बल्बसाठी ज्या दुकानात गेला होतात तिथेच परत जा. आता ते तुम्हाला ओळखतात.

शेवटचं : मॅग्नेटिक कार्ट्रिजची वायर ‘फोनो’ लिहिलेल्या भोकातच जाते. ऑक्समध्ये घातली तर मुंगी भांडतेय इतका आवाज येईल, कारण त्या कार्ट्रिजमधून जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट निघतात. आणि टर्नटेबलमधून लोंबणारी जी एकटी वायर उरते ती ‘जादाची’ नाही. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या अर्थच्या स्क्रूला लावा. ती लोंबत ठेवूनच बहुतेक घरांनी हम ऐकला आणि त्याला तानपुरा समजून सोडून दिलं.

पायरी चौथी : कॅसेट डेक

उघडल्यावर बेल्टच्या जागी डांबर दिसेल. ते रबर आहे. स्पिरिटने काढा, हाताला लागलं तर आठवडाभर जाणार नाही, आणि ते पांढऱ्या टॉवेलला पुसलं तर या मार्गदर्शिकेतली लग्नाची अट व्यर्थ जाईल. नवे बेल्ट लावा, पिंच रोलर पुसा. हेडशेजारचा छोटा स्क्रू फिरवू नका. तुमच्याआधी तो सगळ्यांनी फिरवला आहे.

पायरी पाचवी : स्पीकर

जाळीचं कापड काढलं की पुठ्ठ्याच्या कोनभोवतीची फोमची गोल कड दिसेल, किंवा ती जिथे होती ती जागा दिसेल. फोम पंधरा-वीस वर्षांत आपोआप भुगा होतो; मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत त्याहूनही लवकर. बोटाने दाबून ‘अजून आहे का’ बघायची गरज नाही, बघितलंत तर नसेल. कड नवी मिळते, चिकटवता येते. कोन फाटला असेल तर कोन बदलून देणारे अजून आहेत. पुठ्ठ्याचीच किंवा कापडाची कड असलेले देशी स्पीकर या बाबतीत परदेशी बंधूंना पुरून उरले, हे इथे मुद्दाम नोंदवतो. मागच्या गोल भोकात मातीचा गोळा असेल तर कुंभारीण माशी येऊन गेली. गोळा काढा, बास परत येतो.

आता दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. स्पीकरच्या दोन पट्ट्यांना त्याची दोन टोकं क्षणभर टेकवा. ‘खट्’ असा आवाज येऊन कोन पुढे आला तर सेलचं अधिक ज्या पट्टीला टेकलं ती स्पीकरची अधिक. मागे गेला तर उलट. खूण करा आणि दोन्ही स्पीकर सारखेच जोडा. एक सुलटा, एक उलटा जोडला तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खालचे सूर दोघे मिळून गिळतात. ‘पूर्वी याचा आवाज कसा भरदार होता’ असं म्हणणाऱ्या अर्ध्या घरांत एवढंच झालेलं असतं : घराला रंग दिला तेव्हा वायरी काढल्या आणि परत लावल्या.

जागेचा प्रश्न नाजूक आहे. नियम असा की दोन्ही स्पीकर एकाच खोलीत, ऐकणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला, कानाच्या उंचीवर हवेत. प्रत्यक्षात एक बैठकीच्या खोलीत असतो, दुसरा स्वयंपाकघरात, म्हणजे ‘सगळ्यांना ऐकू येतं’. सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्डांत गाणारा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी असे. त्यामुळे काही घरांत वडिलांनी आयुष्यभर नुसतं व्हायोलिन ऐकलं आणि आईने नुसते शब्द. दोघांनाही ते गाणं आवडत असे. स्पीकर एकत्र आणताना ही गोष्ट लक्षात ठेवून हळू बोलावं.

लाकडी कॅबिनेट सागवानी असेल तर घासून पॉलिश करा. सनमायका असेल तर पुसा आणि नशिबाला हात जोडा. वाळवी लागली असेल तर स्पीकर आत आणण्याआधीच ही पायरी वाचायला हवी होती.

पायरी सहावी : पहिलं गाणं

सिरीज बल्बवर एकदा, मग सरळ विजेवर. पहिल्यांदा स्वस्त स्पीकर लावून अर्धा तास चालू ठेवा, हीटसिंकला हात लावून बघत राहा, मग खरे स्पीकर जोडा. पहिली रेकॉर्ड अशी निवडा की जिच्यावर ओरखडा आला तरी घरात अबोला होणार नाही.

लग्नाला गेलेली मंडळी याच वेळी परत येतात. कोणी काय म्हणेल ते ठरलेलं आहे. आई म्हणेल, आवाज थोडा कमी कर. मुलगी म्हणेल, ब्लूटूथ आहे का याला. मेहुणे म्हणतील, मी तेव्हाच म्हटलं होतं, लावून बघा. कोणाशीही वाद घालू नये. रेकॉर्ड उलटावी. क्रोशाचा रुमाल धुऊन, इस्त्री करून परत आलेला असेल तर तो टीव्हीवर घालावा असं सुचवावं. टीव्ही भिंतीला टांगलेला असल्यामुळे या प्रस्तावाच्या चर्चेत काही दिवस जातील आणि तेवढे दिवस अ‍ॅम्प्लिफायर थंड राहील.

आठवड्याभरात सोसायटीत बातमी पसरते आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा मर्फीचा नाहीतर बुशचा व्हॉल्व्हचा रेडिओ चादरीत गुंडाळून आणतात. “तुम्ही करता म्हणे हे.” चहा द्या, रेडिओचं कौतुक करा, आणि नाही म्हणा. व्हॉल्व्हच्या संचात अडीचशे-तीनशे व्होल्ट सहज असतात. स्टिरिओत मेनची बाजू सोडली तर चुकलेल्या बोटाला झिणझिण्या येतात, इथे तेवढ्यावर भागत नाही. त्यातून तो एसी-डीसी प्रकारचा निघाला तर त्यात मुळात ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि आतला पत्र्याचा सांगाडा थेट मेनला जोडलेला असतो. प्लग उलटा लागला की नॉबच्या उघड्या स्क्रूलाही वीज. नाही म्हणणं जमलं नाही, कारण आजोबा तोवर त्या रेडिओवर ऐकलेल्या क्रिकेटच्या कॉमेंट्रीबद्दल सांगू लागलेले असतात, तर निदान एवढं करा : प्लग काढून ठेवा, पायात रबरी चप्पल घाला, एक हात खिशात ठेवा, आणि त्यांना विचारा, आधी कोणी उघडला होता का.